जुना खेळाडू कारण न सांगता जातो, तेव्हा चाहत्यानं कुणाचं राहायचं?

५ ऑगस्ट २०२१. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तेव्हा स्पेनच्या बार्सिलोना फुटबॉल क्लबाचं छोटंसं निवेदन आलं. लिओनेल मेस्सी आणि क्लब यांच्यात नव्या कराराबद्दल एकमत झालं आहे, पण आर्थिक आणि संरचनात्मक अडथळ्यांमुळे तो करार होऊ शकत नाही, त्यामुळे मेस्सी यापुढे क्लबमध्ये राहणार नाही. तेराव्या वर्षी आलेला पोरगा, ७७८ सामने, ६७२ गोल, आणि निरोप असा. बेळगावात कॅम्पपासून वडगावपर्यंत व्हॉट्सअॅपचे ग्रुप जागे झाले. सकाळपर्यंत तीन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. कुणी म्हणे क्लबनं त्याला घालवलं, कुणी म्हणे त्यानंच जास्त पैसे मागितले, कुणी म्हणे लीगनं दोघांचा गळा धरला. तिघंही तेवढ्याच ठामपणे बोलत होते, आणि तिघांकडे कागद एकच होता, ते निवेदन.

अशा वेळी आत नेमकं काय चाललेलं असतं, क्लब गप्प का बसतात आणि आपण एवढे का दुखावतो, हे जरा सोपं करून सांगतो. आपल्या भागातली पोरं या गोष्टी फार मनाला लावून घेतात. वर्षानुवर्षं एकत्र मॅच बघणारे दोस्त एका खेळाडूच्या जाण्यावरून अबोला धरतात. ते बघवत नाही, म्हणून लिहितोय.

आधी आपल्याकडचा फुटबॉल घ्या. टिळकवाडीतलं लेले मैदान असो, कॅम्पातल्या शाळांची मैदानं असोत, की खानापूर-निपाणीकडच्या गावांतल्या सात-सात जणांच्या स्पर्धा असोत. एखादा जुना खेळाडू संघ सोडून दुसऱ्याकडून उतरला, तर त्याचं कारण संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं. कॅप्टनशी वाजलं, फायनलला बाहेर बसवलं, दुसऱ्यांनी बूट घेऊन दिले. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण माणूस समोर असतो. 'का गेलास रे?' असं विचारता येतं. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावं म्हणजे पेठेची ओळख. तिथं संघ बदलणाऱ्याला त्याचा जाब रस्त्यात द्यावा लागतो. राग येतो, शिव्याही पडतात, पण त्या रागाला पत्ता असतो. मोठ्या व्यावसायिक क्लबाच्या बाबतीत तो पत्ताच मिळत नाही.

आता करार. अर्ध्याहून जास्त गुंता इथंच सुटतो, म्हणून इथं थोडा वेळ थांबू.

१९९५ च्या आधी युरोपात करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. जुना क्लब नव्या क्लबाकडून पैसे मागायचा, आणि सौदा फिसकटला की खेळाडू अडकून पडायचा. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बॉस्मनचं तेच झालं. लिएजमधला त्याचा करार संपला होता, त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबाकडे जायचं होतं, पण क्लब सोडेना. तो कोर्टात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून करार संपला की खेळाडू फुकट जाऊ शकतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबाशी पुढचा करारही करू शकतो.

या एका निकालानं सगळी बोलणी बदलली. तरुण आणि तेजीत असलेल्या खेळाडूच्या कराराची दोन वर्षं उरली की क्लबाला ठरवावं लागतं, नवा करार करायचा की विकायचा. एकच वर्ष उरलं की पारडं खेळाडूकडे झुकतं, कारण थांबला तर तो फुकट जाणार आणि विकत घेणाऱ्याचे वाचलेले पैसे काही प्रमाणात त्याच्याच खिशात येणार. तिशी ओलांडलेल्या खेळाडूचं उलटं. तिथं पारडं क्लबाकडे. क्लब एकेक वर्षाचाच करार पुढे करतो, पगार कमी करायला सांगतो, आणि खेळाडूला वाटतं, एवढी वर्षं दिली त्याची हीच किंमत का? वर्षानुवर्षं एकाच क्लबात राहिलेले बहुतेक जण या दोन वळणांपैकी एका वळणावर जातात. त्यांच्या जाण्यामागं कट असतोच असं नाही, बऱ्याचदा तारीख असते.

मेस्सीचंच बघा. त्याचा करार ३० जून २०२१ ला संपला होता. म्हणजे वीस वर्षं तिथंच असलेला माणूस लीगच्या वहीत नव्यानं नोंदवायचा खेळाडू झाला. स्पॅनिश लीग प्रत्येक क्लबाला त्याच्या उत्पन्नाच्या हिशेबानं पगारखर्चाची मर्यादा घालून देते. अध्यक्ष ज्योआन लापोर्ता यांनी सांगितलेला हिशेब असा, की मेस्सीला धरलं तर पगार उत्पन्नाच्या ११० टक्के होतात, आणि त्याला वगळलं तरी ९५ टक्के. लीगचा नियम आडवा आला हे खरं. पण क्लबाची ही अवस्था आधीच्या काही वर्षांच्या उधळपट्टीनं झाली होती, हेही खरं. शिवाय एक वर्ष आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, मेस्सीनं स्वतःच क्लब सोडायची नोटीस पाठवली होती. जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून २–८ हरल्यानंतरचे ते दिवस. त्या रात्रीच्या ग्रुपवरचे तिघंही थोडे थोडे बरोबर होते. चुकलं एवढंच, की प्रत्येकाला आपला तुकडा अख्खी गोष्ट वाटली.

मग क्लब सरळ बोलत का नाहीत?

आपल्या गावाकडे भावाभावांत वाटणी होते ते आठवा. शेजाऱ्यांना काय दिसतं? एका घराच्या दोन चुली झाल्या, एक ट्रॉली सामान घेऊन गेली. विचारलं तर दोघंही सांगतात, 'आमचं आपसात ठरलं.' आत काय झालं, कोण काय बोललं, बायकांना किती ऐकावं लागलं, हे बाहेर येत नाही, कारण ते बाहेर काढायचं नाही हाही वाटणीचाच भाग असतो. क्लब आणि खेळाडू परस्पर संमतीनं वेगळे होतात तेव्हा तसाच कागद होतो. उरलेल्या करारातले किती पैसे द्यायचे, एकमेकांबद्दल काय बोलायचं नाही, निवेदनात कोणती वाक्यं असतील, हे वकील ठरवतात. दोन्ही बाजूंना पुढं धंदा करायचा असतो. क्लबाला ड्रेसिंग रूम सांभाळायची असते, खेळाडूला नवा क्लब शोधायचा असतो, आणि एजंट आपल्या सोयीची बातमी पत्रकाराच्या कानात सांगत असतो. त्यातून आपल्यापर्यंत येतं ते 'सूत्रांकडून समजतं'.

रॉय कीनचं उदाहरण जुनं आहे पण मला फार बोलकं वाटतं. १९९३ पासून मँचेस्टर युनायटेडमध्ये, कॅप्टन, संघाचा कणा. क्लबाच्या स्वतःच्या टीव्हीवर दिलेल्या मुलाखतीत त्यानं सहकाऱ्यांना झोडपलं, ती मुलाखत दाखवलीच गेली नाही, आणि १८ नोव्हेंबर २००५ ला निवेदन आलं की परस्पर संमतीनं करार संपला. हंगामाच्या ऐन मध्यावर. पुढच्याच महिन्यात तो स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाला गेला. मग मे २००६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याच्या सन्मानाचा सामना झाला, युनायटेड विरुद्ध सेल्टिक. पहिला हाफ तो सेल्टिककडून खेळला, दुसरा युनायटेडकडून. जवळपास सत्तर हजार माणसं आली. आत काय घडलं होतं ते त्यातल्या फार थोड्यांना नक्की माहीत असेल. कोण बरोबर, कोण चूक याचा निकाल लागेपर्यंत ते थांबले नाहीत. त्याची बारा वर्षं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि त्यांच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

क्लबांच्या गप्प बसण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ही गुप्तता दोघांना सोयीची दिसत असली तरी तिचा भुर्दंड बहुतेक वेळा खेळाडू भरतो. क्लबाला चेहरा नसतो, खेळाडूला असतो. शिवी द्यायची तर चेहऱ्यालाच देता येते. उलट, जिथं स्पष्ट सांगितलं जातं तिथं वातावरण किती वेगळं असतं बघा. एप्रिल २०२५ मध्ये बायर्नच्या जुन्या खेळाडूनं, थॉमस म्युलरनं, उघड लिहिलं की पुढच्या हंगामासाठी माझ्याशी नव्या कराराची बोलणी करायची नाहीत असं बायर्ननं ठरवलंय. पंचवीस वर्षांचं नातं. चाहते हळहळले, क्लबावर चिडलेही, पण म्युलर खरा की खोटा यावर कुणी डोकं फोडून घेतलं नाही.

आता आपल्या मनाकडे. रॉबर्ट सियाल्दिनी या मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यापीठांत एक साधी गोष्ट तपासली. तिथल्या फुटबॉलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, सामन्यानंतर सोमवारी किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात? संघ जिंकला की जास्त. आणि बोलताना जिंकल्यावर 'आपण', हरल्यावर 'ते'. आपल्याकडे वेगळं काय होतं? 'आपण मारली की मर्दा!' आणि हरल्यावर 'काय खेळलेत रे हे!' संघाच्या यशातून आपण स्वतःसाठी थोडा मान उचलतो. तो मान ज्या खेळाडूच्या पायातून आला, तो निघून गेला की आपल्याच अंगावरचं काहीतरी काढून नेल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. जोझे मार्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की आपल्या गटातला माणूस आपल्या अपेक्षेला उतरला नाही तर आपण त्याला परक्या गटातल्या तशाच माणसापेक्षा जास्त कठोरपणे तोलतो. आपला चांगला तो फार चांगला, आपला वाईट तो फार वाईट. मे २०२५ मध्ये लिव्हरपूलमध्ये हेच दिसलं. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड सहा वर्षांचा असल्यापासून त्या क्लबात, त्याच शहरातला पोरगा. ५ मे ला त्यानं सांगितलं की करार संपल्यावर मी जातोय. ११ मे ला आर्सेनलविरुद्ध तो मैदानात उतरला आणि स्वतःच्याच घरच्या मैदानावर त्याची हुर्यो उडाली. दोन महिन्यांनी लुईस दियास बायर्नला गेला, तेव्हा तसलं काही झालं नाही. त्याचे मोठे पैसे क्लबाला मिळाले हे एक कारण आहेच. पण दियास कोलंबियाहून आलेला पाहुणा होता आणि ट्रेंट घरातला होता, हेही तेवढंच मोठं कारण आहे.

माझा भाचा लिव्हरपूलचा. पाठीवर ६६ नंबर असलेली त्याची लाल जर्सी त्या महिन्यात कपाटात गेली. म्हणाला, "मामा, तो पैशासाठीच गेला की! फुकट गेला म्हणजे क्लबाचे पैसे ह्याच्या खिशात गेले. अजून काय पायजे?"

त्याचा हिशेब फारसा कच्चा नव्हता. ट्रेंटला महिनाभर आधी सोडायला रियाल माद्रिदनं लिव्हरपूलला थोडे पैसे दिले, तेवढं सोडलं तर वर करारांचं सांगितलं तसंच आहे ते. मी त्याला एवढंच म्हटलं, की लिव्हरपूलचे सालाह, व्हॅन डाइक आणि हा ट्रेंट, तिघांचे करार एकाच जूनमध्ये संपत होते. क्लबानं तिघांनाही शेवटच्या वर्षापर्यंत का येऊ दिलं? २०२४ मध्ये प्रशिक्षक क्लॉप गेले, करार बघणारी वरची माणसं बदलली, मधे घर रिकामंच होतं. तेव्हा ट्रेंटवर जेवढा राग काढतोस त्यातला थोडा ऑफिसात बसलेल्यांवरही काढ.

तो थोडा वेळ मोबाईल चाळत बसला आणि म्हणाला, "बाकीच्या दोघांनी सही केली की. मग तिघांतला हाच का गेला?"

त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. नवं आव्हान हवं होतं असं ट्रेंटनं सांगितलं. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. कागदानं कळतं ते कुठवर आणि माणसाच्या मनातलं सुरू होतं ते कुठून, ती रेघ भाच्यानं माझ्यापेक्षा नेमकी ओढली.

हे मनातलं बाहेरून कळत नाही याचं आणखी एक उदाहरण म्हणजे सर्जिओ रामोस. सोळा वर्षं रियाल माद्रिदमध्ये, कॅप्टन. १७ जून २०२१ ला निरोपाच्या पत्रकार परिषदेत त्यानं सांगितलं, क्लबानं एका वर्षाचा करार देऊ केला होता, मला दोन वर्षांचा हवा होता, शेवटी मी एका वर्षाला तयार झालो, तेव्हा कळलं की त्या प्रस्तावाची मुदत संपलीय. मुदत आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. क्लबाच्या बाजूनं सांगण्यात आलं की मुदत होती. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसेल, असंही होऊ शकतं. एवढ्या मोठ्या क्लबात, एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत, एक निरोप नीट पोचत नाही.

आपण बेळगावची माणसं या सगळ्यात कुठं उभी आहोत? बार्सिलोनाचा सभासद अध्यक्ष निवडायला मत देतो. लिव्हरपूलचा माणूस मैदानात जाऊन हुर्यो तरी करू शकतो. आपल्याकडे मत नाही, तिकीट नाही. मध्यरात्री साडेबाराला लागणारी मॅच, आवाज बारीक केलेला टीव्ही, आणि चार दोस्त. आपण क्लबात शिरतो तेच मुळी खेळाडूच्या दारातून. आधी मेस्सी आवडतो, मग बार्सिलोना. म्हणून खेळाडू गेला की लांबच्या चाहत्याची कसोटी जास्त अवघड. आत शिरलेलो आपण अजून आत आहोत, की दारापाशीच उभे होतो, हे तेव्हा कळतं. दोन्हीत लाज वाटण्यासारखं काही नाही. मेस्सीमागे पॅरिसला आणि मग मायामीला गेलेला चाहता बार्सिलोनात राहिलेल्यापेक्षा कमी प्रामाणिक नाही. त्याचं प्रेम पहिल्यापासून माणसावर होतं.

भारतीय लीगमध्ये तर आपला प्रश्न आणखी मजेशीर होतो. बेळगावच्या मराठी पोरानं कुणाचं व्हायचं? राज्य बघितलं तर बेंगळुरू एफसी. भाषा बघितली तर मुंबई सिटी. रस्ता बघितला तर एफसी गोवा, कारण अनमोड घाट उतरला की मडगाव आलंच, आणि फातोर्ड्याचं मैदान तिथंच. माझ्या ओळखीतले बरेच जण गोव्याचे झाले ते रस्त्यामुळंच. १९५६ पासून इथल्या माणसाला 'तू कुणाचा?' हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातोय. एका माणसाच्या मनात दोन ठिकाणं खरीखुरी असू शकतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्या गोव्याच्या चाहत्यांना २०२० मध्ये मोठा धक्का बसला. जानेवारीच्या शेवटी, लीगचे मोजकेच सामने उरले असताना, प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना क्लबानं दूर केलं. संघ तेव्हा वरच्या जागेसाठी झगडत होता आणि पुढे त्यानं लीगच्या गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याला मिळणारी लीग शील्डही जिंकली. मग लोबेरा मुंबई सिटीत गेले, आणि पाठोपाठ जाहूह, फॉल, बुमूस आणि मंदार राव देसाईसुद्धा. परदेशी खेळाडू येतात-जातात, त्याची सवय असते. मंदार मात्र गोव्याचाच, २०१४ पासून, म्हणजे क्लबाच्या पहिल्या हंगामापासूनचा. पुढचा हंगाम कोविडमुळं सगळा गोव्यातच झाला, रिकाम्या मैदानांवर. मुंबईनं उपांत्य फेरीत गोव्यालाच शूटआउटमध्ये हरवलं आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर करंडक उचलला. गोव्याच्या चाहत्याला टाळी वाजवायचीही सोय नव्हती आणि हुर्यो करायचीही. जे काही मनात होतं ते घरात टीव्हीसमोरच राहिलं. घाटाच्या या बाजूला आपण नेहमी ज्या अवस्थेत असतो, त्याच अवस्थेत तो हंगामभर मैदानाजवळ घर असूनही होता.

एवढं सगळं कळल्यावर करायचं काय? मला वाटतं, पहिला आठवडा कुणालाही गद्दार म्हणू नये. करार कधी संपत होता ते शोधावं. आधी कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं ते बघावं. पैसे कुणाकडून कुणाकडे गेले ते बघावं. हे तिन्ही बहुतेक वेळा महिनाभरात बाहेर येतं. त्यानंतरही राग उरला तर तो खुशाल धरावा, तो समजून धरलेला राग असेल. आणि काहीच बाहेर आलं नाही, तर जे डोळ्यांनी पाहिलं, ते गोल, ते टॅकल, दुखऱ्या पायानं खेळलेल्या मॅच, त्यावर मत बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या चौघांबरोबर ते पाहिलं त्यांच्याशी मात्र भांडू नका. आपल्यासारख्या लांबच्या चाहत्याला क्लबाचा हात लागतो तो त्या चौघांच्याच हातून.

२०२५ मधल्या भारतीय खेळाडूंच्या बाबतीत तर आणखी सांभाळून बोलायला हवं. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपायचा होता. त्याचं पुढं काय हे ठरेना म्हणून जुलै २०२५ मध्येच नवा हंगाम लटकला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. पगार कधी येणार, लीग कधी लागणार, हे माहीत नसलेल्या, घरात लहान पोरं असलेल्या माणसानं त्या काळात दुसरीकडे सही केली असेल, तर त्याचं कारण शोधायला त्याच्या स्वभावात डोकावायची गरज नाही.